लॉख लेव्हनचे किल्लेबेट

लॉख लेव्हनचे किल्लेबेट : (कासल आयलंड). मध्य स्कॉटलंडमधील लॉख लेव्हन या गोड्या पाण्याच्या सरोवरातील एक लहान निर्जन बेट. एडिंबरोच्या वायव्येस सु. ३० किमी. वर, पर्थ व किन्रॉस या प्रशासकीय विभागात, किन्रॉस गावाच्या पूर्वेस ते आहे. चौदाव्या शतकातील मनोरा व तटबंदी यांचे अवशेष बेटावर असून स्कॉटलंडची राणी मेरी स्ट्यूअर्ट (१५४२–८७) हिला १५६७-६८ मध्ये येथे कैदेत ठेवल्यामुळे बेटास प्रसिद्धी मिळाली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्लेनकोजवळ लॉख लेव्हन याच नावाची समुद्राची खाडी आहे. तिचा या सरोवराशी संबंध नाही.

आज दिसणारे बेट मेरीच्या काळातील बेटाहून बरेच मोठे आहे. १८२६ ते १८३६ या काळात सरोवराची पातळी कृत्रिम रीत्या उतरविण्यात आल्याने त्याचा आकार बदलला. प्रवाशांसाठी लिहिलेल्या अनेक वर्णनांत ही गोष्ट ओझरती येते किंवा मुळीच येत नाही. मात्र ती ध्यानात घेतल्याशिवाय येथील किल्ल्याची रचना, त्याला पडलेले वेढे आणि राणीच्या पलायनाची हकीकत यांचा नीट उलगडा होत नाही. त्यामुळे बेटाच्या इतिहासाबरोबर सरोवराच्या पाण्याचाही इतिहास पाहावा लागतो.

भूवर्णन : लॉख लेव्हन हे स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील सर्वांत मोठे सरोवर असून त्याचे क्षेत्रफळ सु. १३·३ चौ. किमी. व समुद्रसपाटीपासून उंची सु. १०७ मी. आहे. वायव्येस ऑकिल टेकड्या, ईशान्येस लोमंड टेकड्या व दक्षिणेस बेनार्टी यांनी वेढलेल्या पसरट खोऱ्यात ते वसले आहे. हिमयुगाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या हिमनदीने या खोऱ्यात वाळू व रेजगोटे यांचे जाड थर टाकले आणि त्यांत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे पुढे वितळून खळगे निर्माण झाले. सरोवराच्या तळाशी असे दोन खोल खळगे असून कमाल खोली २५·५ मी. आहे. तथापि सरासरी खोली जेमतेम ३·९ मी. भरते. म्हणजे हे सरोवर मुख्यतः उथळ असून त्याचे काठ फार मंद उताराचे आहेत. अशा सरोवराची पातळी थोडी जरी खालीवर झाली, तरी काठची विस्तीर्ण जमीन उघडी पडते किंवा बुडते. पुढील इतिहासात या उथळपणाला मोठे महत्त्व आले.

सु. १४५ चौ. किमी. क्षेत्रातील ओढ्यानाल्यांचे पाणी सरोवरात येते. ते बाहेर पडण्याची वाट मात्र एकच, ती म्हणजे आग्नेय टोकाशी निघणारी लेव्हन नदी. ही नदी पूर्वेकडे फाइफ परगण्यातून वाहत जाऊन फोर्थच्या खाडीस मिळते. ज्याच्या हाती ही वाट त्याच्या हाती सरोवराची पातळी, अशी ही रचना आहे. समुद्रातील जलदुर्गांपेक्षा येथील किल्ल्याची स्थिती या बाबतीत वेगळी होती. समुद्राची भरतीओहोटी कोणा शत्रूला वा जमीनदाराला थोपविता येत नाही. सरोवराचे पाणी मात्र निदान तत्त्वतः अडविता वा सोडता येते, आणि येथे या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळी घडल्याचे सांगितले जाते.

सरोवरातील सर्वांत मोठे बेट सेंट सर्फ्स हे होय. आग्नेय भागातील या सपाट, गवताळ बेटावर कल्डी पंथाच्या ख्रिस्ती वैराग्यांची जुनी वसाहत होती. शेक्सपिअरच्या नाटकामुळे सर्वांना परिचित असलेला राजा मॅक्‌बेथ व त्याची राणी ग्रुओख यांनी या वैराग्यांना कर्कनेस येथील जमीन दान दिल्याची नोंद उपलब्ध आहे. सु. ११५० मध्ये पहिल्या डेव्हिडने हा मठ सेंट अँड्रूजच्या ऑगस्टिनियन धर्मगुरूंच्या स्वाधीन केला. या मठाचा चौदाव्या-पंधराव्या शतकांतील प्रमुख अँड्रू ऑफ विंटन याने स्कॉट्स भाषेत स्कॉटलंडचा पद्यमय इतिहास रचला. मॅक्‌बेथला स्वप्नात तीन गूढ स्त्रिया दिसल्याची कथा त्याच्या ग्रंथात येते. अशा तऱ्हेने एकाच सरोवरातील एक बेट मठाचे, तर दुसरे किल्ल्याचे राहिले. दोन्ही आज निर्जन आहेत.

किल्लेबेट हे सरोवराच्या पश्चिम भागात, किन्रॉसच्या काठापासून होडीने सु. दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तटाबाहेर चहूकडे सखल जमिनीचा पट्टा असून त्यावर झाडी वाढलेली दिसते. हा पट्टा मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पाण्याबाहेर आलेला आहे. त्यापूर्वी बेटाचा बराचसा भाग किल्ल्यानेच व्यापलेला होता आणि पाणी तटाच्या पायथ्याच्या अगदी जवळ पोहोचत असे. बेटावर उतरणाऱ्या माणसाला तेव्हा वावरण्यास फारशी जागाच उरत नव्हती.

इतिहास : बेटावरील तटबंदीचा सर्वांत जुना भाग केव्हाचा, याविषयी मतभेद आहेत. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीस येथे किल्ला होता हे निश्चित. १३०१ मध्ये इंग्रजांनी घातलेला वेढा सर जॉन कॉमिन याने उठविला. सध्या उभा असलेला पाच मजली चौकोनी मनोरा चौदाव्या शतकातील असून स्कॉटलंडमध्ये शिल्लक असलेल्या या प्रकारच्या निवासी मनोऱ्यांत तो जुन्यांपैकी गणला जातो. तळघर व स्वयंपाकघर हे खालचे दोन मजले कमानदार छताचे आहेत. मनोऱ्याचे मूळ प्रवेशद्वार जमिनीवर नसून त्यांच्या वरच्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या पातळीस होते व तेथे लाकडी जिन्याने चढावे लागे. जिना काढून घेतला की मनोऱ्याची वाट बंद होई. चौकाच्या आग्नेय कोपऱ्यातील ग्लासिन टॉवर हा लहान गोल बुरूज सोळाव्या शतकात बांधला गेला.

१३३५ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या सर जॉन द स्टर्लिंगने पुन्हा वेढा घातला. बेटावर ॲलन व्हीपाँट हा किल्लेदार होता. वेढा घालणाऱ्यांनी किन्रॉसच्या काठी, चर्चच्या आवारात, मोर्चे बांधले. लेव्हन नदीच्या मुखाशी बांध घालून त्यांनी सरोवराचे पाणी फुगविण्याचा व किल्ला बुडविण्याचा प्रयत्न केला, अशी कथा जुन्या बखरकारांनी दिली आहे. सेनापती संत मार्गारेटच्या उत्सवासाठी डनफर्मलिनला गेला असता किल्ल्यातील लोकांनी रात्री होड्यांतून जाऊन तो बांध फोडला व उसळलेल्या लोंढ्यात शत्रूची छावणी वाहून गेली, असा कथेचा शेवट आहे.

ही कथा काही इतिहासकारांनी दंतकथा म्हणून बाजूस सारली. तिची शक्याशक्यता आकड्यांनी तपासता येते. सरोवरात सध्या सु. ५·२ कोटी घ. मी. पाणी असते व ते पूर्णपणे बदलण्यास सरासरी पाच महिने लागतात. म्हणजे लेव्हन नदीवाटे महिन्याला सु. एक कोटी घ. मी. पाणी बाहेर पडते. त्या वेळी सरोवराचे क्षेत्र सु. १७-१८ चौ. किमी. होते असे धरल्यास पातळी एक मीटरने चढविण्यास पावणेदोन कोटी घ. मी. पाणी अडवावे लागले असते. नदी पूर्णपणे अडविली, तरी त्याला सरासरी प्रवाहात दोन महिन्यांच्या आसपास आणि उन्हाळ्यातील क्षीण प्रवाहात त्याहूनही अधिक काळ लागला असता. तेवढा काळ न झिरपणारा मातीचा व लाकडांचा बांध उभा ठेवणे त्या काळच्या सैन्याला अवघड असले, तरी सर्वथा अशक्य नव्हते. मनोऱ्याचा दरवाजा दोन मजले उंच असल्याने एका मीटरच्या फुगवट्याने किल्ला पडलाही नसता. तळघरातील साठा आणि चौकातील इमारती यांची मात्र नासाडी झाली असती. छावणी वाहून नेणारा लोंढा हा भाग बहुधा नंतरच्या कथाकारांनी रंगविलेला असावा. वेढा निष्फळ ठरला यात शंका नाही.

शत्रूला दुर्गम असणारी जागा कैद्यालाही दुर्गम ठरते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजसत्तेने या बेटाचा उपयोग प्रामुख्याने बंदिवासासाठी केला. १३६९ मध्ये रॉबर्ट द स्ट्यूअर्ड याला येथे ठेवण्यात आले. दोनच वर्षांनी तो दुसरा रॉबर्ट म्हणून स्कॉटलंडच्या गादीवर बसला. सेंट अँड्रूजचा पहिला आर्चबिशप पॅट्रिक ग्रॅहम याला पदच्युत केल्यावर शेवटी येथे आणले गेले. तो १४७८ मध्ये कैदेतच मरण पावला व त्याचे दफन शेजारच्या सेंट सर्फ्स बेटावर झाले. दरम्यान १३९० च्या सुमारास किल्ला डग्लस घराण्याकडे आला होता व ‘लॉख लेव्हनचे डग्लस’ म्हणून ही शाखा ओळखली जाऊ लागली. किल्ला त्यांचे कौटुंबिक निवासस्थानही होते. त्यामुळे येथील कैदी व कैद राखणारे कुटुंब तुटपुंज्या आवारात एकत्र नांदत. पुढील घटनांना ही परिस्थितीच कारणीभूत झाली.

मेरी स्ट्यूअर्टला हे बेट नवे नव्हते. ती येथे पाहुणी म्हणून उतरली होती आणि धर्मसुधारक जॉन नॉक्स याला एप्रिल १५६३ मध्ये तिने येथेच भेटीस बोलाविले होते. फेब्रुवारी १५६७ मध्ये तिचा दुसरा पती डार्नली याचा खून झाला. खुनाचा आरोप ज्याच्यावर होता त्या बॉथवेलशी तिने मे महिन्यात विवाह केला, तेव्हा सरदारांनी बंड केले. १५ जून १५६७ रोजी कारबेरी टेकडीवर ती त्यांच्या स्वाधीन झाली व १७ जून रोजी तिला बेटावर आणण्यात आले. किल्ल्याचा धनी सर विल्यम डग्लस हा राणीचा सावत्र भाऊ मरेचा अर्ल याचा आईकडून सावत्र भाऊ होता. या दोघांची आई मार्गारेट अर्स्किन ही मेरीच्या पित्याची, पाचव्या जेम्सची, एके काळची प्रेयसी असून ती किल्ल्यातच राहत होती. कैदी आणि पहारेकरी यांना जोडणारा भाऊच पुढे राज्याचा कारभारी झाला. सरदारांनी सर्व किल्ल्यांतून हा किल्ला निवडला, याचे कारण पाण्याइतकेच या नात्यागोत्यातही शोधले पाहिजे.

प्रारंभी राणीला ग्लासिन टॉवरमध्ये व नंतर मोठ्या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर ठेवले असे मानतात. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा वकील थ्रॉकमॉर्टन याला तिची भेट नाकारण्यात आली. जुलैमध्ये तिचा गर्भपात झाला. जुळी होती, असे तिचा चिटणीस क्लोद नो याने लिहून ठेवले आहे. ती अंथरुणाला खिळलेली असतानाच लॉर्ड लिंझी व इतर सरदार राज्यत्यागाची कागदपत्रे घेऊन आले आणि २४ जुलै १५६७ रोजी तिने त्यांवर सह्या केल्या. सक्तीने घेतलेली सही बंधनकारक नसते, असा निरोप थ्रॉकमॉर्टनने सर रॉबर्ट मेलव्हिलमार्फत गुप्तपणे तिला पोहोचविला होता. २९ जुलै रोजी तेरा महिन्यांच्या सहाव्या जेम्सचा स्टर्लिंग येथे राज्याभिषेक झाला व ऑगस्टमध्ये मरे राज्याचा कारभारी बनला. स्कॉटलंडचे राज्य एका हातातून दुसऱ्या हातात गेले, ते काही एकरांच्या या खडकाळ जागेवर.

बेटावरील दिनक्रमाची पुष्कळशी माहिती नो याच्या लेखनातून येते. तो १५७५ मध्ये राणीच्या सेवेत आला. म्हणजे या घटना त्याने पाहिलेल्या नसून राणीच्या तोंडून ऐकलेल्या आहेत, हे त्याच्या वृत्तांताचा आधार घेताना विसरता येत नाही. पलायनाच्या पहिल्या प्रयत्नाविषयी मात्र समकालीन पत्र उपलब्ध आहे. बेरिक येथील इंग्रज अधिकारी सर विल्यम ड्रूरी याने एप्रिल १५६८ मध्ये कळविल्याप्रमाणे राणी धोबिणीच्या वेषात होडीत बसली होती. परंतु चेहऱ्यावरील पदर सावरताना तिचे गोरे नाजूक हात होडीवाल्यांना दिसले व त्यांनी तिला परत आणून सोडले. तिच्यावर अनुरक्त झालेला किल्लेदाराचा धाकटा भाऊ जॉर्ज डग्लस याला तत्पूर्वीच बेटाबाहेर घालवून दिले होते. त्यामुळे दुसऱ्या कटासाठी काठावर एक माणूस आपसूकच मिळाला.

२ मे १५६८ रोजी सायंकाळी सर विल्यम भोजनास बसला असता विली डग्लस या घरातील अनाथ पोऱ्याने मेजावरील चाव्यांवर हातरुमाल टाकून त्या उचलल्या. दासीचा वेष केलेली राणी दाराबाहेर पडताच त्याने बाहेरून कुलूप लावले. इतर होड्या त्याने आधीच निकामी करून ठेवल्या होत्या. चाव्या तोफेच्या तोंडात टाकल्या असे एक परंपरा सांगते, सरोवरात फेकल्या असे दुसरी. पुढे पाण्याकाठी जुन्या चाव्या सापडल्याचे दावेही एकाहून अधिक झाले. दार बंद झाल्यावर किल्ल्यातील कुटुंब आपल्याच तटात अडकले. होड्या आणि चाव्या यांवर ज्याचा ताबा त्याच्याच हाती बेट राहते. दहा महिने हा ताबा डग्लसांकडे होता, त्या संध्याकाळी तो एका मुलाकडे गेला. पातळी आजच्याहून उंच असल्याने पाण्याचा विस्तारही त्या वेळी अधिक होता आणि पोहून वा उथळ पाण्यातून पाठलाग करणे कोणाला शक्य नव्हते. काठावर जॉर्ज डग्लस व लॉर्ड सीटन घोडे घेऊन थांबले होते. राणीने निड्रीचा किल्ला गाठला. परंतु १३ मे रोजी लँगसाइडच्या लढाईत तिच्या सैन्याचा पराभव झाला व १६ मे रोजी सॉलवेची खाडी ओलांडून ती इंग्लंडच्या आश्रयास गेली. तेथे सु. एकोणीस वर्षे कैदेत काढल्यावर ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला.

राणी निसटल्यानंतरही बेटाचा तुरुंग म्हणून उपयोग थांबला नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातील १५६९ च्या बंडानंतर स्कॉटलंडमध्ये पळून आलेला नॉर्थंबरलंडचा अर्ल टॉमस पर्सी याला पकडून येथे ठेवले गेले. १५७२ मध्ये २,००० पौंड घेऊन त्याला इंग्रजांच्या हवाली करण्यात आले व त्याच वर्षी यॉर्क येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याची आठवण क्वचितच कोणी काढते.

सर विल्यम १५८८ मध्ये मॉर्टनचा अर्ल झाला. पुढे घराण्याचा ओढा मुख्य भूमीकडे वळला व बेटाचे महत्त्व ओसरले. १६७५ मध्ये ही मालमत्ता वास्तुशिल्पज्ञ सर विल्यम ब्रूस याने विकत घेतली. त्याने सरोवरकाठी बांधलेल्या किन्रॉस हाउस या प्रासादाचा व त्याच्या बागेचा मध्य अक्ष थेट बेटावरील मनोऱ्याकडे रोखलेला आहे. बागेच्या टोकाशी असलेल्या ‘फिश गेट’ या माशांची टोपली कोरलेल्या दरवाज्यातून किल्ला चौकटीत बसविल्यासारखा दिसतो. राहण्याची जागा आता पाहण्याची वस्तू झाली. अठराव्या शतकापर्यंत किल्ला मोडकळीस आला होता. वॉल्टर स्कॉटच्या द ॲबट (१८२०) या कादंबरीत राणीच्या पलायनाचा प्रसंग येतो. तिच्यामुळे येथे येणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढली.

या कादंबरीनंतर सहाच वर्षांनी सरोवर उतरविण्याच्या कामास आरंभ झाला. लेव्हन नदीकाठी फाइफमध्ये लिनन धुऊन शुभ्र करण्याचे व कागदाचे कारखाने तसेच अनेक गिरण्या होत्या. त्यांना उन्हाळ्यातही नियमित पाणी हवे होते, तर सरोवरकाठच्या जमीनदारांना नव्या जमिनीची आशा होती. नदीच्या वळणावळणाच्या मुखाऐवजी सरळ, खोल कालवा खणून त्याच्या तोंडाशी झडपांचे दरवाजे बसविण्यात आले. पातळी सु. १·४ मी. नी खाली आली व सरोवराचा सु. एकचतुर्थांश भाग कोरडा पडला. १३३५ च्या वेढ्यात पाणी चढविण्याचा जो प्रयत्न फसला असे सांगतात, त्याच्या उलट कृती पाचशे वर्षांनी त्याच मुखाशी यशस्वी झाली. बेटाभोवतीचा उथळ तळ उघडा पडला आणि किल्ला पाण्यापासून दूर सरला. सेंट सर्फ्स बेटाचा विस्तारही याच वेळी वाढला.

या फेरबदलाची किंमत सरोवरातील जिवांना मोजावी लागली. येथील आर्क्टिक चार ही माशांची जात १८३७ च्या सुमारास नाहीशी झाली. तपकिरी ट्राउट मात्र टिकून राहिला. चंदेरी झाक असलेल्या या ट्राउटची अंडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेपर्यंत पाठविण्यात आली व गळ टाकणाऱ्यांमध्ये लॉख लेव्हनचे नाव सर्वत्र झाले. मेरीच्या नावापेक्षा ट्राउटच्या नावाने हे सरोवर ओळखणारे लोक जगात कमी नसतील.

विसाव्या शतकात सांडपाणी, शेतांतील खते व लोकरीच्या गिरणीतील टाकाऊ द्रव्ये यांमुळे उथळ सरोवरात फॉस्फरस साठत गेला व नील-हरित शैवलांची बेसुमार वाढ होऊ लागली. १३ जून १९९२ रोजी शैवलांचा इतका दाट थर पाण्यावर आला, की स्थानिक लोकांनी त्या दिवसास ‘स्कम सॅटर्डे’ (घाणीचा शनिवार) असे नाव दिले. फॉस्फरसची आवक १९८५ मध्ये वर्षाला सु. २० टन होती. गिरणीवरील निर्बंध व सांडपाणी-शुद्धीकरण यांमुळे ती १९९५ पर्यंत सु. ८ टनांवर आली. तळाच्या गाळात पूर्वी साठलेला फॉस्फरस मात्र पुढे कित्येक वर्षे पाण्यात उतरत राहिला, त्यामुळे सुधारणा संथ गतीने झाली.

सरोवरास १९६४ मध्ये राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला व १९७६ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांत त्याचा समावेश झाला. हिवाळ्याच्या प्रारंभी आइसलँड व ग्रीनलंडकडून हजारो गुलाबी पायांचे रानहंस येथे उतरतात. सेंट सर्फ्स बेट हे रानबदकांच्या विणीचे मोठे स्थान आहे. किल्ला १९३९ पासून शासकीय देखरेखीखाली असून ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड’ ही संस्था त्याची व्यवस्था पाहते. उन्हाळी हंगामात किन्रॉसच्या धक्क्यावरून होडीने बेटावर जाता येते. मनोऱ्याची छपरे व मजले गेलेले असले, तरी भिंती, कमानदार तळमजला व ग्लासिन टॉवर सुस्थितीत आहेत. जुन्या पाणरेषेची कल्पना यावयाची असल्यास तटाबाहेरच्या झाडीतून पाण्यापर्यंत चालत जावे; हा सारा उतार १८३० पूर्वी बव्हंशी पाण्याखाली होता.